इंपीरियल हॉटेल, टोकियो

जपानच्या राजधानीतील सर्वांत जुन्या आणि मानाच्या हॉटेलांपैकी एक. जपानी नाव ‘तेइकोकु होतेरू’. सम्राटांच्या प्रासादाच्या खंदकापासून पायी काही मिनिटांवर, हिबिया बागेसमोर ते आहे. ३ नोव्हेंबर १८९० रोजी ते सुरू झाले आणि आजही त्याच परिसरात चालू आहे. मुख्य इमारत मात्र आता तिसरी आहे. जगभर ज्या इमारतीचे नाव झाले ती मधली, फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुविशारदाची. हॉटेलच्या १३० हून अधिक वर्षांच्या आयुष्यातली जेमतेम ४५ वर्षे तिच्या वाट्याला आली.

हॉटेलचा जन्म व्यापारी हिशेबातून झाला नाही, परराष्ट्र धोरणातून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य सत्तांनी जपानवर असमान तह लादले होते. त्यांनुसार जपानमध्ये गुन्हा करणाऱ्या परदेशी माणसावर जपानी न्यायालयात खटला चालवता येत नसे. हे तह बदलून घ्यायचे तर आपण ‘सुधारलेले’ आहोत हे पाहुण्यांना दिसले पाहिजे, असे परराष्ट्रमंत्री इनोउए काओरु यांचे मत होते. त्यांच्या पुढाकाराने १८८३ मध्ये रोकुमेइकान हे नृत्यगृह उभे राहिले. जपानी मंत्री आणि त्यांच्या बायका तिथे युरोपीय पोशाखात वॉल्ट्झ नाचत. पण नाच संपल्यावर पाहुण्यांनी उतरायचे कुठे? टोकियोतले परदेशी धाटणीचे पहिले मोठे हॉटेल त्सुकिजीत १८६८ मध्ये झाले होते, ते १८७२ च्या आगीत गेले. तेव्हा रोकुमेइकानच्या शेजारीच हॉटेल बांधायचे ठरले. भांडवल उभे करण्यात उद्योगपती शिबुसावा एइइची आणि ओकुरा किहाचिरो पुढे होते, आणि राजघराण्याचे खातेही मोठे भागीदार होते.

२०२४ पासून दहा हजार येनच्या नोटेवर ज्यांचा चेहरा आहे तेच हे शिबुसावा. त्यांचा मुंबईशीही संबंध आहे. मुंबईहून जपानी गिरण्यांकडे जाणाऱ्या कापसाच्या वाहतुकीवर पी. अँड ओ. या ब्रिटिश बोट कंपनीची पकड होती. ती मोडण्यासाठी १८९३ मध्ये मुंबई–कोबे बोटींचा मार्ग सुरू झाला, तो जमशेटजी टाटा आणि शिबुसावा यांच्या बोलण्यातून. पुढे दहा वर्षांनी जमशेटजींनी मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडले. टोकियोतल्या हॉटेलमागे सरकारची निकड होती, तर मुंबईतले एका माणसाच्या ईर्षेने उभे राहिले.

पहिली इमारत वातानाबे युझुरु यांनी आखली होती. तीन मजले, साठेक खोल्या आणि घाट जर्मन. जमीन मूळची खाडीची, भराव टाकून केलेली, त्यामुळे पाया घालतानाच बांधकामाचे हाल झाले. या जमिनीने हॉटेलचा पिच्छा पुढेही सोडला नाही. सुरुवातीचे दिवस मंदीचे होते, पण सरकारदरबारी उपयोग लगेच झाला. जानेवारी १८९१ मध्ये नव्या संसदेची तात्पुरती इमारत जळाली, तेव्हा वरिष्ठ सभागृहाने काही काळ या हॉटेलातच बैठका घेतल्या.

धंद्याला शिस्त आली ती १९०९ मध्ये हायाशी आइसाकु व्यवस्थापक झाल्यावर. या पदावर बसलेले ते पहिले जपानी. त्याआधी ते न्यूयॉर्कमध्ये पौर्वात्य कलावस्तूंच्या पेढीवर होते, त्यामुळे श्रीमंत अमेरिकन माणसाला काय लागते याची त्यांना नेमकी जाण होती. १९११ मध्ये त्यांनी हॉटेलची स्वतःची धुलाई सुरू केली. बोटीने महिनाभर प्रवास करून आलेल्या माणसाला पहिल्यांदा काय हवे असते, तर स्वच्छ कपडे. इंपीरियलच्या धुलाईचा लौकिक अजून टिकून आहे. निखळलेल्या बटणांसाठी तिथे नाना तऱ्हेच्या बटणांचा साठा ठेवलेला असतो.

राइटला आणले तेही हायाशींनीच. राइट जपानी लाकडी ठशांच्या चित्रांचा मोठा संग्राहक आणि विक्रेता होता, ओळख त्याच वर्तुळातून झाली. १९१६ मध्ये करार झाला तेव्हा राइटचे दिवस वाईट होते. दोनच वर्षांपूर्वी विस्कॉन्सिनमधल्या त्याच्या घरी एका नोकराने सात जणांचा खून करून घर पेटवले होते, आणि अमेरिकेत कामेही मिळत नव्हती. टोकियोचे काम त्याने जीव ओतून केले आणि खर्चाची फिकीर केली नाही. दर्शनी दगड म्हणून त्याने तोचिगी प्रांतातला ओया दगड निवडला. हा ज्वालामुखीच्या राखेचा मऊ, सच्छिद्र, हिरवट करडा दगड तोवर गोदामे आणि कुंपणे बांधायला वापरत. राइटने त्यावर इंचाइंचाला नक्षी कोरून घेतली. ओरखडे काढलेल्या पिवळ्या विटांसाठी तोकोनामे गावात खास भट्टी लावली गेली, आणि तिथल्या कारागिरांतून पुढे इनॅक्स हा टाइल आणि स्नानगृह साहित्याचा उद्योग वाढला. इमारतीत खोल्यांचे दोन लांब पंख आणि मधोमध दिवाणखाना, जेवणघर व नाट्यगृह होते. पुढे कमळांचे तळे होते. आत छत ठेंगणे, मग एकदम उंच, पुन्हा ठेंगणे, आणि खुर्चीच्या पाठीपासून कपबशीवरच्या ठिपक्यांपर्यंत सगळे राइटच्याच हातचे.

खर्च अंदाजाच्या कितीतरी पट झाला. संचालक वैतागलेले असतानाच १६ एप्रिल १९२२ रोजी जुनी इमारत जळून खाक झाली, तीही इंग्लंडचे युवराज टोकियोच्या भेटीवर असताना. हायाशींना राजीनामा द्यावा लागला. राइट जुलैमध्ये जपान सोडून गेला तो परत आला नाही. उरलेले काम त्याचा शिष्य एंदो आराता याने पुरे केले.

उद्घाटनाचा दिवस ठरला १ सप्टेंबर १९२३. पाहुण्यांच्या भोजनाची तयारी चालू असताना ११ वाजून ५८ मिनिटांनी ७.९ तीव्रतेचा कांतो भूकंप झाला. भूकंपात आणि त्यामागून लागलेल्या आगींत टोकियो–योकोहामा परिसरात एक लाखाहून अधिक माणसे मेली. हॉटेल मात्र कोसळले नाही. नवे व्यवस्थापक इनुमारु तेत्सुझो यांनी आग थोपवायला माणसे लावली आणि पुढच्या तळ्याचे पाणी कामी आले. घर गमावलेल्यांना आणि वकिलातींच्या कचेऱ्यांना हॉटेलात आसरा मिळाला, आणि परदेशी वार्ताहरांनीही तिथेच तळ ठोकला. काही दिवसांनी लॉस एंजेलिसला असलेल्या राइटच्या हाती ओकुरांच्या नावाने पाठवलेली तार आली. हॉटेल अभंग आहे, ते तुमच्या प्रतिभेचे स्मारक ठरले, असा तिचा आशय. राइटने ती वृत्तपत्रांना दिली आणि आख्यायिकेला जन्म मिळाला: सगळे टोकियो कोसळले, एकटे इंपीरियल उरले.

हे अर्धे खरे आहे. तळाचा चिखल साठ-सत्तर फूट खोल असल्याने खडकापर्यंत जाण्याऐवजी राइटने आखूड काँक्रीटच्या खुंट्या ठोकून रुंद पायावर इमारत जणू चिखलावर तरंगत ठेवली होती. इमारतीचे तुकडे पाडून मध्ये सांधे सोडले होते, आणि जड कौलांऐवजी हलके तांब्याचे छप्पर घातले होते. भूकंप होताना सांधे आणि हलके छप्पर उपयोगी पडले असावेत. तरंगता पाया मात्र गुणापेक्षा दोषच ठरला. मधला भाग खचला, काही मजल्यांच्या जमिनी फुगल्या, कोरीव दगड निखळले. शहरात कमी नुकसान झालेल्या इतर इमारतीही होत्या. पुढे टोकियो टॉवर उभारणाऱ्या नाइतो ताचू यांची जपान औद्योगिक बँकेची इमारत त्यांतली एक. भूकंपरोधक बांधकामाचा जपानने पुढे धरलेला रस्ता नाइतोंचा होता, राइटचा नव्हे. ती तार खुद्द राइटनेच रचली असावी, असा संशयही काही अभ्यासकांनी घेतला आहे. आणि पायाने दगा दिला तो सावकाश दिला. पुढच्या चार दशकांत इमारत असमान खचत गेली, काही ठिकाणी मीटरभर, आणि पंखांमधल्या लांब मार्गिका लाटांसारख्या वरखाली झाल्या.

याच भूकंपाने जपानच्या लग्नाचीही रीत बदलली, आणि माझ्या मते हा परिणाम तारेच्या गोष्टीइतकाच सांगण्याजोगा आहे. हिबियाच्या देवळात लग्न लावून हॉटेलात मेजवानी द्यायची पद्धत तेव्हा रुळू लागली होती. भूकंपात ते देऊळ जळाले. मग हॉटेलने आपल्याच आवारात शिंतो देव्हारा बसवला, आणि विधी, छायाचित्र, मेजवानी सगळे एका छताखाली होऊ लागले. आपल्याकडच्या मंगल कार्यालयांनी जे केले तेच. जपानी हॉटेलांच्या उत्पन्नात लग्नांचा जो मोठा वाटा आहे, त्याची सुरुवात इथली.

१९३६ या एकाच वर्षात हॉटेलचे दोन चेहरे दिसतात. फेब्रुवारीत तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी बंड करून राजधानीचा मध्यभाग ताब्यात घेतला, तेव्हा तोडग्याच्या खटपटीत असलेले इशिवारा कांजी आणि हाशिमोतो किंगोरो हे लष्करी अधिकारी रात्री याच हॉटेलात भेटले. त्याच वर्षी आलेला रशियन गायक शाल्यापिन दातांनी बेजार होता. मऊ मांस हवे म्हणाला, तेव्हा आचाऱ्याने गोमांस पातळ ठेचून कांद्यात मुरवले. शाल्यापिन स्टेक जपानमध्ये अजून मिळतो, रशियात तो कोणाला फारसा ठाऊक नाही.

मे १९४५ च्या बाँबहल्ल्यात दक्षिणेकडचा पंख आणि मेजवानीचे दालन जळाले. शरणागतीनंतर अमेरिकी सैन्याने हॉटेल ताब्यात घेतले ते १९५२ पर्यंत. या सैन्याचे प्रमुख जनरल मॅकआर्थर यांची कचेरी इथून हाकेच्या अंतरावर होती. युद्धगुन्ह्यांचा खटला चालवणारे बहुतेक न्यायाधीश या हॉटेलात राहत. त्यांत भारताचे राधाविनोद पाल होते. इतर न्यायाधीश संध्याकाळी एकमेकांत मिसळत, पाल बहुतेक वेळ खोलीत कागदपत्रे घेऊन बसत. सर्व आरोपी निर्दोष, असे सांगणारे हजाराहून अधिक पानांचे त्यांचे भिन्न मतपत्र अशा बैठकीतून तयार झाले. युद्धात मेलेल्या जपानी सैनिकांच्या यासुकुनी देवस्थानाच्या आवारात आज त्यांचे स्मारक आहे. त्या मतपत्रात जपानी सैन्याच्या अत्याचारांची स्पष्ट कबुली आहे, हे तिथे जाणाऱ्यांपैकी किती जण वाचतात हा प्रश्नच आहे.

पन्नाशीच्या दशकात पर्यटक परतले. फेब्रुवारी १९५४ मध्ये मॅरिलिन मन्रो आणि बेसबॉलपटू जो दिमाजिओ मधुचंद्राला आले, तेव्हा गर्दी आवरणे कठीण झाले. इनुमारुंनी डेन्मार्कमध्ये हवे ते वाढून घेण्याची पंगत पाहिली आणि पॅरिसमध्ये शिकत असलेल्या मुराकामी नोबुओ या आचाऱ्याला तिचा अभ्यास करायला धाडले. १९५८ मध्ये ‘इंपीरियल वायकिंग’ हे भोजनगृह उघडले, आणि बुफेला जपानभर ‘वायकिंग’ म्हणू लागले. मुराकामी १९६४ च्या ऑलिंपिक ग्रामातल्या मुदपाकखान्याच्या प्रमुखांपैकी एक होते.

राइटच्या इमारतीत पावणेतीनशेच्या आसपास खोल्या, तीनच मजले आणि जमीन सोन्याच्या भावाची. व्यवस्थापनाने ती पाडायचे ठरवले तेव्हा जपानी आणि अमेरिकी वास्तुविशारदांनी विरोध केला. पंतप्रधान सातो एइसाकु अमेरिकेत गेले असताना तिथे त्यांना हाच प्रश्न विचारला गेला, आणि दर्शनी भाग जपण्याचे आश्वासन त्यांनी देऊन टाकले. नोव्हेंबर १९६७ मध्ये इमारत बंद झाली आणि त्यानंतर पाडण्यात आली. दर्शनी भाग आणि दिवाणखाना आइची प्रांतातल्या मेइजी-मुरा या खुल्या वास्तुसंग्रहालयात नेला. काम रखडत १९८५ मध्ये पुरे झाले. मूळचा बराच ओया दगड झिजून निकामी झाला होता, त्यामुळे पुष्कळ भाग नव्या सामग्रीने घडवावा लागला. तेव्हा मेइजी-मुरात दिसते ते अवशेष आणि प्रतिकृती यांचे मिश्रण आहे.

ओसाका येथील जागतिक प्रदर्शनाच्या मुहूर्तावर मार्च १९७० मध्ये १७ मजल्यांची नवी इमारत उघडली आणि १९८३ मध्ये मागे ३१ मजल्यांचा मनोरा झाला. जुन्या ओया दगडाचे आणि विटांचे तुकडे आत ‘ओल्ड इंपीरियल’ या मद्यालयाच्या भिंतीत बसवले आहेत. राइटच्या नावाने येणारा पाहुणा सहसा तिथेच जाऊन बसतो. कंपनीची हॉटेले कामिकोची (१९३३) आणि ओसाका (१९९६) येथेही आहेत, आणि २००७ पासून मित्सुइ फुदोसान ही स्थावर मालमत्ता कंपनी मोठी भागधारक आहे. २०२१ मध्ये टोकियोतल्या दोन्ही इमारती टप्प्याटप्प्याने नव्याने बांधण्याचा आराखडा जाहीर झाला. आधी मनोरा, मग मुख्य इमारत, असा क्रम ठरला. २०२४ मध्ये मनोऱ्यातला व्यवहार थांबला. चौथ्या मुख्य इमारतीची रचना पॅरिसस्थित जपानी वास्तुविशारद ताने त्सुयोशी यांच्याकडे आहे.