पाच टनांचा जॅक आणि साइडपट्टीवरचा मुरूम

गेल्या भाद्रपदात मामेभावाची पिकअप टोमॅटोचे क्रेट भरून दिंडोरीहून पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला निघाली होती. मी शेजारी बसलो होतो. वाटेत मागचं डावं चाक पंक्चर होऊन बसलं. गाडी साइडपट्टीवर घेतली, नट ढिले केले, जॅक लावला. चाक बोटभर वर आलं आणि जॅक हळूच कलायला लागला. दोन दिवसांच्या पावसाने मुरूम आतून मऊ झाला होता. दुसऱ्या क्षणी गाडी दणकन खाली बसली. चाक अजून काढलेलं नव्हतं, म्हणून ती चाकावर बसली. भावाचा हात तेव्हा चाकाच्या मागे होता. तो हात आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

"जॅक पाच टनांचा आहे रे, मग पडला कसा?" हे तो दिवसभर विचारत होता. प्रश्न रास्त आहे. दुकानातही आपल्याला पहिल्यांदा टनच सांगतात.

आधी वजन बघू. रिकामी पिकअप 1700 किलो आणि माल 1300 किलो धरला तर एकूण 3000. माल मागे असतो, त्यामुळे साधारण दोन तृतीयांश भार मागच्या एक्सलवर, म्हणजे दोन चाकांमधल्या आसावर, येतो. म्हणजे 2000 किलो, आणि एका चाकावर 1000. जॅकला एका वेळी एवढंच उचलायचं असतं. हिशेबाने दोन टनांचाही चालेल, पण माल एका बाजूला सरकलेला असतो, रस्ता उतरता असतो, म्हणून तीन ते पाच टनांचा घेणं शहाणपणाचं. ताकदीचा प्रश्न इथेच संपतो. भावाच्या जॅकमध्ये ताकद भरपूर होती.

ती ताकद येते कुठून? 17व्या शतकात ब्लेझ पास्कालने दाखवलं, की बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. 1795 मध्ये जोसेफ ब्रामाने त्यावरून हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. आपला बॉटल जॅक, म्हणजे बाटलीसारखा उभा तेलाचा जॅक, त्याच घराण्यातला. पंपाचा दट्ट्या 1 सेंटिमीटर व्यासाचा आणि वर येणारा दांडा 3 सेंटिमीटरचा असेल, तर क्षेत्रफळ नऊपट, म्हणून जोरही नऊपट. हँडलची तरफ त्याला आणखी बारा-तेरा पटींनी वाढवते. हजार किलो उचलायला हाताला दहा किलोच्या आसपास जोर पुरतो. बदल्यात एका झटक्याला दांडा जेमतेम दोन मिलिमीटर चढतो.

गाडीसोबत पुष्कळदा कात्रीसारखा उघडणारा स्क्रूचा जॅक मिळतो. भरल्या गाडीखाली मला त्याची भीती वाटते. तो जवळजवळ मिटलेला असताना त्याच्या आडव्या स्क्रूवर सगळ्यात जास्त ताण येतो. जॅकचे हात जमिनीशी 15 अंशांत असतील तर उचललेल्या वजनाच्या पावणेचारपट, 45 अंशांत असतील तर वजनाइतकाच. आणि चाक बसलेली भरलेली गाडी इतकी खाली आलेली असते, की सुरुवात नेमकी त्या मिटलेल्या अवस्थेतच करावी लागते. गॅरेजमधला चाकांचा ट्रॉली जॅक फरशीवर उत्तम. त्याचं डोकं कमानीत वर चढतं, म्हणून उचलताना जॅकला थोडं सरकावं लागतं आणि त्यासाठीच त्याला चाकं असतात. खडीत ती चाकं रुतली की डोकं गाडीखालून निसटू पाहतं. रस्त्यावर म्हणून बॉटल जॅकच, आणि तो उभाच ठेवायचा. त्यात तेल कमी पडलं तर ब्रेक ऑइल मात्र ओतू नका. ते आतली रबरी सील फुगवून खराब करतं. जॅकचं हायड्रॉलिक ऑइलच लागतं.

आता मुरमाकडे येऊ. भरल्या पिकअपच्या मागच्या टायरात हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण 4 किलो असतो आणि टायर जमिनीलाही जवळपास तेवढाच दाब देतो. जॅकचं बूड 10 बाय 10 सेंटिमीटर. त्यावर हजार किलो आले की दाब होतो 10 किलो, टायरच्या अडीचपट. जी जमीन टायरला पेलते ती जॅकला पेलेलच असं नाही. खाली 30 बाय 30 ची, 5 सेंटिमीटर जाडीची लाकडी फळी टाका, दाब 1.1 किलोवर येतो. वीट किंवा दगड नको. लाकूड दबतं, वीट एकदम फुटते.

फळी घातली की उंचीचं गणित बिघडतं, आणि खरी मेख इथे आहे. 15 इंची रिमची त्रिज्या 19 सेंटिमीटर, त्यात रिमची कड आणि चपटं रबर मिळून चारेक सेंटिमीटर. एक्सलचा मध्य 23 वर येतो आणि जॅक ज्याखाली लागतो त्या एक्सलच्या पाइपाचा तळ जमिनीपासून जेमतेम 18-19 सेंटिमीटरवर. पाच टनांचे कित्येक बॉटल जॅक मिटलेलेच 19-20 सेंटिमीटर असतात. फळीला जागाच उरत नाही. उपाय साधा आहे: दुसरी फळी बसलेल्या चाकापुढे टाकून गाडी हळूच तिच्यावर चढवायची. त्याने पाच-सहा सेंटिमीटर मिळतात. स्टेपनीचं चाक हवेने भरलेलं, म्हणजे मोठं, म्हणून पाइपाचा तळ 32 पर्यंत तरी न्यावा लागतो. ज्याच्या डोक्यातला स्क्रू फिरवून वर काढता येतो असा जॅक त्यासाठीच घ्यावा. दुकानात जाताना टेप घेऊन जा, मिटलेली आणि पूर्ण उघडलेली, दोन्ही उंची मोजा.

उंची वाढली की जॅक नाजूक होतो. बूड 10 सेंटिमीटर असलेला जॅक 32 पर्यंत उघडला आणि गाडी 5 सेंटिमीटर सरकली, की भाराची रेषा बुडाबाहेर पडते. आणि गाडी सरकते. गिअरमध्ये टाकलीय ना, असं आपण म्हणतो. पण मागच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीत एक चाक हवेत गेलं, की डिफरन्शिअलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी एक्सलमधली गिअरची जोडणी) ते मोकळं फिरू शकतं आणि जमिनीवरचं जोडीदार चाकही उलट बाजूला सुटतं. गिअर मग काही धरत नाही. हँडब्रेक बहुतेक मागच्याच चाकांवर असतो, म्हणजे धरायला एकच चाक उरतं. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही. स्टेपनी काढली की लगेच चेसीखाली आडवी सरकवायची. सील गळून जॅक बसला तरी गाडी तिच्यावर थांबेल. (स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटचा. तिथे 1904 मध्ये जादा चाकाचा धंदा सुरू झाला होता.)

भावाने जॅक बदलला नाही. त्याने बाभळीच्या दोन फळ्या कापून घेतल्या आणि ट्यूबच्या पट्टीने सीटमागे बांधल्या. परवा पुन्हा चाक बसलं तेव्हा त्याने आधी चारही ठोकळे लावले, मग फळी हाताने दाबून पाहिली, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आता पंप मार."