एक ताव, एक घडी, एक सेंट

अमेरिकेत मुलांची स्वस्त पुस्तकं कुठून आली हे बघायचं तर आधी आयझाया थॉमस. बॉस्टनचा हा पोरगा सहाव्या वर्षी छापखान्यात उमेदवारीला लागला, हात पोचेना म्हणून बाकावर उभा राहून खिळे (छपाईची सुटी अक्षरं) जुळवायचा. १७७५ ला ब्रिटिशांशी लढाई पेटायच्या तोंडावर त्याने प्रेस गुपचूप बॉस्टनजवळच्या वूस्टर गावी हलवली आणि युद्धानंतर तिथेच मुलांची पुस्तकं काढायला लागला. आता पुस्तकं कसली, लंडनचा मुलांच्या पुस्तकांचा प्रकाशक जॉन न्यूबेरी, त्याचीच, याने सरळ उचलली! त्यातल्या एका पॉकेट बुकात ‘बेस-बॉल’वर कविता आहे, लंडनला १७४४ ची, वूस्टरला १७८७ ची, म्हणजे अमेरिकेचा हा लाडका खेळ छापात आधी इंग्लंडमध्येच आला की. चोरी म्हणाल तर १७९० चा कॉपीराइट कायदा फक्त अमेरिकेतल्या लेखकांसाठी होता, परदेशी लेखकाला १८९१ पर्यंत तिथे काही संरक्षणच नव्हतं.

लेखकाला दमडी द्यायची नाही म्हटल्यावर खर्च राहिला कागदाचा आणि चित्रांचा. एक ताव दोन्ही बाजूंनी छापायचा, घड्या घालायच्या, मधोमध टाके मारायचे, झालं पुस्तक, तळहाताएवढं. चित्रं लाकडी ठशांची कारण ठसा खिळ्यांसोबतच फर्म्यात, म्हणजे छपाईच्या चौकटीत बसतो, एकाच दाबात मजकूर आणि चित्र दोन्ही उमटतं, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राला वेगळी प्रेस लागते. हे ठसे कोरण्यात न्यूयॉर्कचा अलेक्झांडर अँडरसन उस्ताद. माणूस खरं तर डॉक्टर, पण १७९८ च्या पिवळ्या तापात बायको, मूल, आई-वडील सगळे गेले आणि नंतर त्याने डॉक्टरकी सोडून कोरणीच धरली. आणि एकदा ठसा झाला की तो या पुस्तकातून त्या पुस्तकात फिरत राहायचा, चित्र आणि मजकुराचा मेळ बसो न बसो.

न्यूयॉर्कमध्ये हा धंदा जोरात चालवला क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी. सॅम्युएल वूड आधी शाळामास्तर, त्याने १८०६ पासून अशी पुस्तकं काढली. १८०८ चं एक तर शहरातल्या फेरीवाल्यांच्या आरोळ्यांचं, त्यात गरमागरम कणसं विकणारीसुद्धा आहे (मला हेच सगळ्यात आवडतं). मग पर्ल स्ट्रीटवरचा मॅलन डे, त्याची काही पुस्तकं चक्क एका सेंटला. १८५४ ला ‘आर्क्टिक’ बोट बुडाली त्यात तो बायको-मुलीसकट गेला.

पोरांनी फाडून उरलेल्या प्रतींपैकी बऱ्याच आज वूस्टरलाच आहेत, थॉमसनेच १८१२ ला काढलेल्या अँटिक्वेरियन सोसायटीत, म्हणजे जुनी पुस्तकं-कागदपत्रं जपणाऱ्या संस्थेत.