केसपेपरवरच्या चार प्रश्नांची गोष्ट

मिरजेत छातीत कळ आली म्हणून कुठल्याही दवाखान्यात जा, केसपेपर काढला की चार प्रश्न ठरलेले असतात. बीपी आहे का, शुगर आहे का, बिडी-तंबाखू, आणि घरात कुणाला अटॅक आलाय का. शिकाऊ डॉक्टर मान वर न करता विचारतो. समोरचा बेडगचा किंवा म्हैसाळचा शेतकरी "तंबाखू खातो, पण जास्त न्हाई" म्हणून मोकळा होतो. हे प्रश्न वैद्यकाइतकेच जुने असतील असं वाटतं, पण त्यांचं वय ऐंशीच्या आतलंच आहे.

विल्यम वानलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उघडलं ते 1894 साली. त्या काळात भीती होती ती प्लेग, कॉलरा आणि क्षयाची. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीची जुनी ओळख क्षयाच्या रुग्णालयाचीच. हृदयरोग होता, पण बराचसा झडपांचा. पोराचा घसा सुजतो, पुढे सांधे धरतात, घरचे वात म्हणून शेकत बसतात आणि काही वर्षांनी जिना चढताना धाप लागते. हा आजार सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो, असं वैद्यकाचे विद्यार्थी आजही घोकतात. त्यावर दर तीन आठवड्यांनी घ्यायचं पेनिसिलिनचं दुखरं इंजेक्शन आहे, आणि ते मध्येच सोडणारेही पुष्कळ.

वरचे चार प्रश्न मात्र दुसऱ्या आजारासाठी, रक्तवाहिन्या तुंबण्यासाठी. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचं बीपी 300/190 नोंदलं गेलं होतं. वर्षानुवर्षं ते चढत होतं. पण वय वाढलं की बीपी वाढायचंच, अशी तेव्हाच्या बऱ्याच डॉक्टरांची समजूत होती. देशाच्या सर्वोच्च माणसाची ही गत, तर बाकीच्यांचं काय! 1948 मध्ये तिथे हृदयरोग संशोधनाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम या गावात काम सुरू झालं.

त्या कामाची खुबी साधी होती. तोवर अभ्यास सुरू व्हायचा तो आजारी माणसापासून. इथे 5,209 बऱ्यापैकी धडधाकट बायका-पुरुष निवडले आणि दर दोन वर्षांनी बोलावून तपासले: रक्त, वजन, बीपी, कार्डिओग्राम, सिगारेटी किती. कुणावरही वेगळा उपचार केला नाही. नुसतं लिहून ठेवलं आणि वाट पाहिली. कोण कधी आजारी पडलं ते जुन्या नोंदींशी ताडून पाहिलं. बीपी, कोलेस्टेरॉल यांचा अटॅकशी असलेला संबंध असा कागदावर दिसू लागला, आणि 1961 च्या एका निबंधातून आज आपल्याकडे रिक्षावालाही वापरतो तो 'रिस्क फॅक्टर' हा शब्द रुळला. 1971 मध्ये त्याच लोकांची मुलं अभ्यासात आली, 2002 मध्ये नातवंडं. एका गावाने तीन पिढ्या दंड पुढे करून बसणं, हे मला कुठल्याही शस्त्रक्रियेपेक्षा मोठं वाटतं.

पण ते गाव बहुतांशी गोऱ्यांचं. तिथे तंबाखू मळून दाढेखाली धरणारे नव्हते. ही उणीव बरीचशी भरून काढली ती 2004 मध्ये आलेल्या इंटरहार्ट अभ्यासाने. त्याचे प्रमुख केरळात जन्मलेले आणि कॅनडात काम करणारे डॉ. सलीम युसुफ. 52 देशांतून जवळपास तीस हजार माणसं त्यांनी घेतली. अर्धी पहिला अटॅक आलेली, अर्धी तुलनेसाठी. त्यातून कळलं की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. आणि तंबाखू नुसती चघळणाऱ्यालाही धोका सुमारे दुप्पट. आमच्याकडे मशेरी लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरत नाही, म्हणून तो प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

उपचाराच्या बाजूला एकच सांगतो. 1988 च्या आयसिस-2 अभ्यासात अटॅकचे 17,187 रुग्ण होते. अ‍ॅस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांतले मृत्यू जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटले. जतहून मिरजेला पोचायला दोनेक तास जातात. तिथला डॉक्टर गाडीत घालण्याआधी अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खायला लावतो, ती त्या आकड्यांच्या जोरावर.

या सगळ्यात पाया आहे तो जपलेल्या कागदाचा. आणि आपल्याकडे रुग्णाचा कागद रुग्णाच्याच पिशवीत घरी जातो. मागे मामांना घेऊन एका दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांनी जुना ईसीजी मागितला. मामांनी साडीच्या दुकानाची पिशवी उघडून घडी घातलेली पट्टी काढली. उष्णतेवर उमटणारा तो कागद. सात-आठ वर्षांत रेघ पार उडून गेली होती आणि छापील लाल चौकटी तेवढ्या शिल्लक होत्या. डॉक्टरांनी ती खिडकीशी धरून पाहिली आणि परत दिली. "आल्या दिवशीच झेरॉक्स मारून ठेवायची, काका." तेव्हापासून मामा दवाखान्यातून निघाले की आधी समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे वळतात, मग चहाला.