निकाल ‘राखीव’ : एका शब्दामागची सत्तर वर्षं

निकालाच्या यादीत नावासमोर गुण नसतात. ‘उत्तीर्ण’ नसतं आणि ‘अनुत्तीर्ण’ही नसतं. ‘राखीव’ एवढा एकच शब्द असतो. नापास झालेला विद्यार्थी निदान पुन्हा अर्ज भरून अभ्यासाला लागतो. राखीव निकालवाल्याला तेही करता येत नाही. पुढचे प्रवेश त्याच्यासाठी थांबत नाहीत, नोकरीच्या ठिकाणी गुणपत्रिका मागतात आणि परीक्षा विभागाच्या खिडकीवर ‘पुढच्या आठवड्यात या’ हेच उत्तर मिळतं. कारण काहीही असू शकतं : कॉपीचा संशय, अपुरी हजेरी, पात्रतेचा एखादा कागद, थकलेली फी किंवा महाविद्यालयालाच नसलेली मान्यता. यातली बरीच भांडणं कोर्टात गेली आणि त्यांतूनच या विषयाचा कायदा घडला.

सुरुवात उत्तर प्रदेशातली. तिथल्या शिक्षण मंडळाच्या १९५४ च्या इंटरमीजिएट (बारावीच्या तोडीच्या) परीक्षेत तीन विद्यार्थी उत्तीर्ण झाल्याचं जाहीर झालं. काही महिन्यांनी मंडळाच्या परीक्षा समितीने गैरप्रकाराच्या आरोपावरून त्यांचा निकाल रद्द केला आणि पुढच्या परीक्षेलाही बसायला मनाई केली. त्यांना विचारलं मात्र काहीच नव्हतं. हा आमचा प्रशासकीय निर्णय आहे, यात सुनावणीचा प्रश्नच नाही, अशी मंडळाची भूमिका होती. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. ज्या निर्णयाने मुलाचं आयुष्य बदलतं तो घेताना समितीवर न्यायिक पद्धतीने वागण्याचं बंधन आहे आणि त्याचं म्हणणं ऐकावंच लागेल, असं न्यायालयाने सांगितलं. तोवर परीक्षेला आठ वर्षं होऊन गेली होती. कायदा मुलांच्या बाजूने लागला, पण त्या तिघांच्या उमेदीची वर्षं कोण परत देणार होतं?

मात्र ऐकून घेणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. त्याच मंडळाच्या दुसऱ्या प्रकरणात लागोपाठच्या बैठक क्रमांकांच्या उत्तरपत्रिकांत चुकासुद्धा जशाच्या तशा सापडल्या. तिथे न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिलं की चौकशी नीट झाली असेल, तर पुराव्याची पुन्हा छाननी करायला उच्च न्यायालयाने अपील न्यायालय होऊन बसू नये. हेच गजेंद्रगडकर सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाल्यावर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिलेला माणूस. पुढे १९७० मध्ये बिहारच्या एका केंद्रावरच्या सामूहिक कॉपीचं प्रकरण आलं. तिथे न्यायालय म्हणालं, एकेका मुलावर ठपका ठेवलेला नाही, सबंध केंद्राचीच परीक्षा विश्वासार्ह राहिलेली नाही, तेव्हा प्रत्येकाची स्वतंत्र सुनावणी लागणार नाही. तर्क म्हणून हे पटतं. तरी त्या केंद्रावर प्रामाणिकपणे पेपर लिहिलेलं एखादं पोर असेलच, आणि त्याच्यासाठी या निकालात जागा नाही, ही गोष्ट मला आजही सलते.

विद्यार्थ्याच्या बाजूने सर्वांत भक्कम उभा राहिलेला निकाल कुरुक्षेत्र विद्यापीठाविरुद्धचा, १९७५ चा. कायद्याच्या एका विद्यार्थ्याला विद्यापीठाने परीक्षेला बसू दिलं आणि नंतर हजेरी कमी असल्याचं कारण काढून उमेदवारीच रद्द केली. न्यायालयाने विद्यापीठालाच सुनावलं : अर्ज तुमच्याकडे होता, हजेरीपट तुमच्या ताब्यात होता, तपासायला वेळही होता. विद्यार्थ्याने काही लपवलं नव्हतं. बरोबर असो वा चूक, एकदा परीक्षेला बसू दिल्यावर उमेदवारी काढून घेण्याचा अधिकार संपला. हजेरी वा कागदपत्रांवरून अडवलेल्या निकालांच्या याचिकांत हा निवाडा वकील आजही पुढे करतात.

आपल्याकडचं ठळक प्रकरण दहावीचं आहे. मार्च १९९० च्या परीक्षेत नियामकांच्या (परीक्षकांची तपासणी पुन्हा पडताळणाऱ्यांच्या) गुणतक्त्यांत फेरफार करून गुण वाढवल्याचं उघड झालं आणि राज्य मंडळाच्या मुंबई विभागाने २८३ विद्यार्थ्यांचे निकाल रोखले. चौकशीनंतर ते रद्द झाले. मुंबई उच्च न्यायालयाने मंडळाचा आदेश उलटवला, पण १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा इथे लागत नाही, संभाव्यतेचं पारडं कुठे झुकतं ते पुरेसं, हा दंडक तिथे पक्का झाला. सोळा वर्षांच्या मुलांसाठी तो फारच जड आहे.

मान्यता नसलेल्या संस्थांचा धागा वेगळा. महाराष्ट्रातल्या विनामान्यता अध्यापक विद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये मोडीत काढला. अशा याचिकांत अनेकदा अंतरिम आदेशाने पेपर लिहायची मुभा मिळते आणि निकाल बंद पाकिटात ठेवला जातो. सहानुभूतीपोटी असे अंतरिम आदेश देऊ नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयांना वेळोवेळी बजावलं आहे. संस्थाचालक फी घेऊन मोकळा होतो आणि पाकीट बंद राहतं ते मुलाचं.

एवढ्या सगळ्या निवाड्यांत चर्चा झाली ती निकाल रोखता येतो का, याची. किती दिवस रोखता येतो, हा प्रश्न मागेच राहिला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ८९ मध्ये मुदत आहे : शक्यतो ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावायचा. न जमल्यास कुलगुरूंनी कारणांचा अहवाल कुलपती (म्हणजे राज्यपाल) आणि शासनाला द्यायचा. कायदा नवा असतानाच, २०१७ मध्ये, मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका एकदम संगणकावर तपासायला घेतल्या. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, विद्यार्थी उच्च न्यायालयात गेले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावं लागलं. एकंदर निकाल लागल्यानंतरही बऱ्याच जणांच्या नावासमोर ‘राखीव’ होतंच, कारण त्यांच्या उत्तरपत्रिकांचा मागच लागत नव्हता. त्यांनी कॉपी केली नव्हती, त्यांची हजेरीही पुरेशी होती आणि फीदेखील भरलेली होती.