वेलांटीचे येन-युरो

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजोळचे जुने फोटो स्कॅन करत बसलो होतो. दीडेकशे फोटो, आणि बहुतेकांच्या पाठीवर आजोबांनी शाईच्या पेनाने लिहिलेलं: कोण, कुठे, कधी. ते लिखाण फोटोपासून सुटू नये म्हणून मी प्रत्येक फाइलच्या आत, माहितीच्या रकान्यात मराठीतच टाइप केलं. ‘आजी, माळवदावर पापड वाळत घालताना.’ मग काही फोटो फारच काळवंडले होते म्हणून दुसऱ्या एका प्रोग्राममध्ये उघडून उजळवले आणि सेव्ह केले. परत बघतो तर आजी गायब. तिच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेलं रोमन अक्षर, खंजिराची खूण, पुन्हा तेच अक्षर, आणि शेवटी चक्क जपानी येन आणि युरो.

हे येन-युरो आले कुठून, ते शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. पण उत्तर इतकं सरळ निघालं की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कॉम्प्युटर अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. आज सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन आकडे लागतात. ‘आ’ म्हणजे २२४, १६४, १३४. ‘ज’ म्हणजे २२४, १६४, १५६. आणि दीर्घ वेलांटी म्हणजे २२४, १६५, १२८. कॉम्प्युटरच्या लेखी ‘आजी’ ही अशी नऊ आकड्यांची माळ आहे. आता एखाद्या प्रोग्रामला ही माळ तीन-तीनने वाचायची असते हे ठाऊकच नसेल, तर तो विंडोज-१२५२ नावाचा पश्चिम युरोपातल्या भाषांचा जुना तक्ता काढतो आणि एका आकड्याला एक अक्षर लावत सुटतो. त्या तक्त्यात १६५ म्हणजे येन आणि १२८ म्हणजे युरो. झाली वेलांटी!

या प्रकाराला जगभर मोजिबाके म्हणतात. शब्द जपानी आहे, कारण जपान्यांनी हे दुखणं आपल्या आधीपासून भोगलंय. आपल्या मोजिबाकेची मात्र एक खासियत आहे. देवनागरीच्या पट्ट्यातल्या प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन आकडे २२४-१६४ किंवा २२४-१६५ असेच असतात. त्यामुळे कचऱ्यात तेच रेघवालं अक्षर दर तिसऱ्या घराला दिसलं, की ओळखावं, इथे मूळचं मराठी (किंवा हिंदी, नेपाळी) होतं. त्यातही येन दिसला तर तिथे बहुधा दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा किंवा पाय मोडलेलं अक्षर असणार. व्यंजनं, काना आणि ऱ्हस्व वेलांटी १६४ च्या घरात राहतात. मला आता असा कचरा थोडाफार वाचताही येतो. या कौशल्याचा घरात कुणावरही प्रभाव पडलेला नाही.

कचरा दिसतोय तोवर आशा असते, कारण आकडे शाबूत आहेत, नुसता तक्ता चुकलाय. उलटा प्रवास केला की आजी परत येते. खरा घात प्रश्नचिन्हांचा. ओळीने प्रश्नचिन्हं दिसली, तर प्रोग्रामने मराठी बरोबर वाचलं, पण त्याच्या तक्त्यात जागा नाही म्हणून प्रत्येक अक्षराऐवजी एक प्रश्नचिन्ह लिहून ठेवलं. मूळ आकडे गेले ते गेलेच.

आणि या दोन्हींच्या मधला एक प्रकार आहे, तो मला सगळ्यात मजेशीर वाटला. विंडोज-१२५२ च्या तक्त्यात पाच घरं रिकामी आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. देवनागरीतल्या कुठल्या चिन्हांचा तिसरा आकडा नेमका यातला येतो, ते मी वही-पेन घेऊन काढलं. ऱ्हस्व उकार, पाय मोडण्याची खूण, ए, ऐ आणि झ! चंद्रबिंदू आणि ॐसुद्धा त्यातच. रिकाम्या घराचा आकडा समोर आला की काही प्रोग्राम तो गाळतात, काही तिथे प्रश्नचिन्ह ठोकतात. अशा प्रोग्रामने कचरा एकदा सेव्ह केला की बाकीची अक्षरं दुरुस्त होतात, पण ‘झाडाखाली’तला झ परत येत नाही आणि जोडाक्षरं फुटलेलीच राहतात. मराठीत जोडाक्षराशिवाय दोन ओळी लिहून दाखवा, म्हणजे नुकसान किती ते कळेल.

पण तक्ता चुकतोच का? कारण फोटोच्या फाइलमध्ये माहितीचा रकाना एक नसून तीन असतात, आणि ते तीन वेगवेगळ्या काळांत, तीन वेगळ्या लोकांनी बांधले.

एक वृत्तसंस्थांचा. वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांच्या आयपीटीसी या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बातम्या-फोटोंसाठी ठरवलेला, तारेने मजकूर पाठवणाऱ्यांच्या काटकसरी सवयीचा. दुसरा कॅमेऱ्यांचा, एक्झिफ. तो १९९५ मध्ये जपानच्या इलेक्ट्रॉनिक उद्योग संघटनेने केला. त्यात वर्णनाचा रकाना फक्त आस्कीचा, म्हणजे इंग्रजीपुरत्या १२८ चिन्हांचा. दोन आकड्यांची अक्षरं इथे चालणार नाहीत, असं नियमातच लिहिलेलं. जपानी लिपीचं काय, तर त्यासाठी ‘युजर कमेंट’ असा वेगळा रकाना, ज्याच्या तोंडाशी आठ बाइटांची (एक बाइट म्हणजे वरच्यासारखा एक आकडा) चिठ्ठी लावून आत कुठली लिपी-पद्धत आहे ते सांगायचं. तिसरा एक्सएमपी, २००१ मध्ये ॲडोबीने आणलेला आणि २०१२ मध्ये आयएसओ मानक झालेला. हा पहिल्यापासून युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या एकाच सामाईक तक्त्याचा, म्हणून आपल्या कामाचा.

एक्झिफचा नियम पुष्कळ प्रोग्राम सरळ मोडतात आणि आस्कीच्या रकान्यात यूटीएफ-८ कोंबतात. वाचणाऱ्यालाही तेच अपेक्षित असेल तर सगळं सुरळीत, नाहीतर येन-युरो. यूटीएफ-८ ला अधिकृत परवानगी मिळाली ती थेट २०२३ च्या एक्झिफ ३.० मध्ये, आणि जुन्या प्रोग्रामांना तो नवा प्रकार कळत नाही. आयपीटीसीत सोय आहे: सुरुवातीला २७, ३७, ७१ हे तीन आकडे लिहिले की ‘पुढचं यूटीएफ-८ समजा’ असा अर्थ. हे तीन बाइट लिहायला विसरलेला प्रोग्राम एका मशीनवर शहाण्यासारखा वागतो आणि दुसऱ्यावर वेड्यासारखा, कारण चिठ्ठी नसली की वाचणारा बहुतेक वेळा त्या मशीनचाच तक्ता धरून चालतो.

आयपीटीसीची काटकसरही आपल्याला भोवते. शहराच्या रकान्याला ३२ बाइट. इंग्रजीत ती ३२ अक्षरं, मराठीत जेमतेम दहा चिन्हं. ‘रत्नागिरी’ २७ मध्ये बसते. ‘छत्रपती संभाजीनगर’ला ४९ लागतात. ३२ वर कात्री चालवली की उरतं ‘छत्रपती संभ’, आणि त्यापुढे कान्याचा एक तृतीयांश तुकडा, जो कुठल्याच लिपीत काही नाही.

तीन रकान्यांत तीन वेगळे मजकूर झाले तर खरा कुठला? फोटोशॉपसारखे प्रोग्राम सेव्ह करताना आयपीटीसीच्या मजकुराचा एक गणिती ठसा फाइलमध्ये ठेवतात. पुढच्या वेळी ठसा जुळला नाही, तर नियमाप्रमाणे अर्थ असा की मधे कुणा जुन्या प्रोग्रामने आयपीटीसीत नवं काही लिहिलंय, म्हणून आयपीटीसी खरा मानायचा. हेतू चांगला आहे. पण त्या जुन्या प्रोग्रामने नवं काही न लिहिता फक्त मराठीची वाट लावलेली असते. मग नवा प्रोग्राम इमानेइतबारे तोच कचरा घेऊन एक्सएमपीतल्या धडधाकट मराठीवर फासतो. माझ्या आजीचं हेच झालं असावं.

आता मी मराठी मजकूर एक्सएमपीत लिहितो, आयपीटीसीत काही भरावंच लागलं तर यूटीएफ-८ ची चिठ्ठी लावतो, आणि मूळ स्कॅनला हात न लावता प्रतीवर काम करतो. रकाने एकेक उघडून बघायला एक्झिफटूल नावाचा फुकट प्रोग्राम आहे. कमांड टाइप करावी लागते, पण तिन्ही कप्प्यांत काय आहे ते तो वेगवेगळं दाखवतो. मेसेजिंग ॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवलंत तर बहुधा ही माहिती वाटेतच गळते, तेव्हा नातेवाइकांना फाइल म्हणूनच पाठवावी.

नवा प्रोग्राम घेतला की आधी एका फालतू फोटोत एक ओळ लिहून बघतो: ‘ऐन झुंजुमुंजूला एक पक्षी’. त्या पाचही रिकाम्या घरांतली चिन्हं तिच्यात आहेत. उघडायचं, थोडं उजळवायचं, सेव्ह करायचं, पुन्हा उघडायचं. माझ्याकडच्या चार प्रोग्रामांपैकी दोन पास झाले. तिसऱ्याने पक्षी फोडला. चौथ्याने ओळ जशीच्या तशी ठेवली, पण शहराच्या रकान्यात त्याच्याकडे अजून ‘छत्रपती संभ’च आहे.