लाल डबा, डाळभाजी आणि सोळाशे मीटर

पहाटे साडेचारला आमच्या गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर भरतीची पोरं पळतात. दोन्ही बाजूंना कपाशी आणि रस्त्यावर चुन्याचे दोन पट्टे. एका पट्ट्यापासून दुसरा चारशे मीटर. दोनदा जाऊन आलं की सोळाशे झाले. पोलीस भरतीत या सोळाशेला 20 गुण असतात, आणि ते पूर्ण हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यावं लागतं. मी शाळेतला विज्ञानाचा मास्तर. मोबाइलचं घड्याळ धरून उभं राहणं एवढंच माझं काम.

गेल्या हिवाळ्यात एक पोरगा लाल डबा घेऊन आला. बीटची पावडर, अठराशे रुपये.

"सर, याच्यानं दम सोळा टक्के वाढते म्हणते. म्हंजे माह्यं टायमिंग चार-छत्तीस!"

त्याचं तेव्हाचं टायमिंग 5:28. वजाबाकी बरोबर होती, पण हिशेबच चुकीच्या जागी लावला होता.

सोळा टक्के हा आकडा खोटा नाही. 2009 साली इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठात आठ पुरुषांना सहा दिवस रोज अर्धा लिटर बीटचा रस देऊन सायकलवर बसवलं. ठरलेल्या जड भारावर ते बीट नसलेलं सरबत घेऊन सरासरी 583 सेकंद टिकले, बीटचा रस घेतल्यावर 675 सेकंद. वाढ झाली ती थकून थांबेपर्यंतच्या वेळेत. बैल एकाच चालीनं किती वेळ वखर ओढतो हे एक, आणि तेवढंच वावर किती लवकर उरकतो हे वेगळं. ठरलेलं अंतर कापायला लागणारा वेळ मोजला, की हाच फायदा 1 ते 3 टक्क्यांवर येतो. म्हणजे या पोराचे फार तर तीन ते दहा सेकंद. त्याला हवे होते अठरा. डब्यावर मात्र मोठाच आकडा छापणार, विकणाऱ्याला दुसरं काय सुचणार!

तरीही बीट हे थोतांड नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी 2018 मध्ये कामगिरीसाठी चांगला पुरावा असलेले जे मोजके पदार्थ सांगितले, त्यात कॅफीनसोबत नायट्रेटही आहे. बीट, पालक, मुळ्याचा पाला यांत ते भरपूर असतं. त्याचा शरीरातला प्रवास मला फार आवडतो. पोटातून ते रक्तात जातं, रक्तातून साधारण चौथा हिस्सा लाळग्रंथी ओढून घेतात आणि ते पुन्हा तोंडात येतं. तिथे जिभेच्या मागच्या भागावर राहणारे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात. हे काम आपल्या पेशींना धड जमत नाही. ते नायट्राइट गिळलं गेलं, की ऑक्सिजन कमी पडणाऱ्या जागी, म्हणजे पळणाऱ्याच्या पोटरीत-मांडीत, त्याचा नायट्रिक ऑक्साइड होतो. रक्तवाहिन्या सैलावतात आणि तेवढ्याच कामाला स्नायूंना ऑक्सिजन थोडा कमी लागतो. या फेरीला दोन-तीन तास जातात, त्यामुळे लायनीत उभं राहून पावडर फाकण्यात अर्थ नाही. आणि जंतुनाशक माउथवॉशनं खळखळून चूळ भरली तर जिभेवरचे कामगारच मरतात, बीट वाया जातं. दात घासायला हरकत नाही. (पोरांनी लगेच विचारलंच होतं.)

प्रयोगांमध्ये नायट्रेटची मात्रा साधारण 400 मिलिग्रॅमच्या आसपास असते. दीड-दोनशे ग्रॅम ताज्या पालकात तेवढं असू शकतं, फक्त पालक उकडून पाणी फेकू नये, कारण नायट्रेट पाण्यात उतरतं. आपल्याकडच्या डाळभाजीत पालक डाळीसोबतच शिजतो, पाणी जातं कुठे? मुतखडा झालेल्यांनी मात्र पालक आणि बीट दोन्ही जपून. आणखी एक, मुरलेल्या धावपटूंना हा फायदा फारच थोडा मिळतो, कधी मिळतही नाही.

पोरांतला एक जण म्हणाला, "मंग आपल्या विहिरीचंच पानी पेतो ना सर, डबा कायले?"

गंमत नाही, प्रश्न नेमका होता. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात भूजलात नायट्रेट जास्त असलेले देशातले 15 जिल्हे दिले आहेत, त्यात वर्धा, बुलढाणा, अमरावती आणि यवतमाळ हे आपल्या विदर्भातले चार. शेतात टाकलेल्या युरियातलं जे पिकाला लागत नाही ते, आणि गोठ्यांचं, संडासांचं झिरपलेलं, सगळं खाली जातं. रेणू तोच, जो बीटमध्ये आहे. पण पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम ही मर्यादा का, तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी. त्याच्या शरीरात नायट्राइट हिमोग्लोबिनलाच निकामी करतं आणि बाळ निळं पडू शकतं. भाजीत सोबत क जीवनसत्त्व असतं, ते नायट्राइटपासून घातक संयुगं बनण्याला आडकाठी करतं. विहिरीच्या पाण्यात ती सोय नाही. आणि पाणी उकळून उपयोग नाही: वाफ उडते, नायट्रेट मागे राहून उलट दाट होतं. शिवाय मर्यादेवरच्या पाण्यातून 400 मिलिग्रॅम मिळवायला नऊ लिटर प्यावं लागेल. तो विषय तिथेच मिटला.

बाकीच्या डब्यांबद्दल थोडक्यात. कांद्यातल्या क्वेर्सेटिननं उंदीर जास्त पळाले, माणसांत फरक नगण्य निघाला. अश्वगंधेवरचे काही अभ्यास दम वाढल्याचं सांगतात, पण ते लहान आहेत, आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. द्राक्षाच्या सालीतल्या रेझव्हेरॅट्रॉलचा किस्सा तर उलटाच. कोपनहेगनला पासष्टीच्या आसपासच्या पुरुषांना आठ आठवडे व्यायामासोबत ते दिलं, तर ज्यांना नुसती खोटी गोळी दिली त्यांचाच दम जास्त सुधारला. व्यायामाचा ताण हाच शरीराला निरोप असतो, तो गोळीनं दाबला की शरीर बदलायचं कशाला? शिवाय डब्यात लिहिलंय तेच असेल याची खात्री नाही. जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेनं 13 देशांतले 634 पूरक पदार्थ तपासले, तेव्हा जवळपास 15 टक्क्यांत न सांगितलेले स्टेरॉइड सापडले होते.

खरी अडचण मला दुसरीकडेच दिसली. आठशे मीटरची तयारी करणारी एक पोरगी दुसऱ्या फेरीत हमखास बसकण मारायची. आरोग्य केंद्रात तपासलं, हिमोग्लोबिन 9.4. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी आपल्या भागात आधी करावीच, तिची ठीक निघाली. साडेबारावर असतं तर तिच्या रक्तानं जेवढा ऑक्सिजन वाहिला असता, त्याच्या पाऊण हिस्साच ते वाहत होतं. पाव हिस्सा गेला, तिथे बीटचे दोन टक्के काय करणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायांमध्ये रक्ताची कमी आढळली होती, म्हणजे ती एकटी नव्हती.

"जेवलं का लगेच चहा लागते मले," ती म्हणाली.

चहातलं पॉलिफेनॉल हेही वनस्पतीतलंच संयुग. ते भाकरी-भाजीतल्या लोहाला बांधून ठेवतं. जेवणासोबतच्या एका कपानं लोहाचं शोषण निम्म्याहून खाली येऊ शकतं. तासाभराचं अंतर ठेवलं, तर हा अडथळा बराच कमी होतो. तिनं चहा दुपारी चारला नेला, आणि आरोग्य केंद्रातली लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यायला लागली. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.1 आणि टायमिंग 3:14 वरून 3:02. यात गोळीचा वाटा किती, चहाचा किती आणि पहाटेच्या सरावाचा किती, हे मी सांगू शकत नाही. एका पोरीवरून प्रयोग होत नसतो.

लाल डबा महिनाभरात संपला. पोरगा आता त्यात चुना ठेवतो. पावसानं पट्टे पुसले की त्यातूनच नवे ओढतो.