झेब्रा ओटो घरी नेण्याआधी एवढे वाचा

पट्ट्यापट्ट्यांचा हा छोटा मासा काचेला चिकटलेला दिसला की पहिला प्रश्न ठरलेला : "टाकी साफ करतो का?" करतो. पण तेवढ्यासाठी नेऊ नका. टाकी साफ झाली की त्याचे जेवण संपते. आजारापेक्षा हा मासा उपाशी राहून जास्त दगावतो.

बाजारात 'सकर' म्हणून मिळणारे दोन इंची पिल्लू वेगळे. ते बघता बघता हातभर होते, झाडे उखडते आणि शेवटी कुणीतरी ते गुपचूप तळ्यात नेऊन सोडते. तो मासा आम्ही ठेवत नाही. झेब्रा ओटो त्याच कुळातला असला तरी जेमतेम साडेचार सेंटीमीटरचा. मूळचा पेरू देशातला, उकायाली नदीच्या खोऱ्यातला. 2004 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला 'ओटोसिंक्लस कोकामा' हे नाव दिले. कोकामा हे तिथल्या आदिवासींचे नाव. अंगावर उभे काळे पट्टे आणि शेपटीवर इंग्रजी डब्ल्यूसारखी खूण, एवढ्यावर तो साध्या ओटोपासून वेगळा ओळखता येतो.

हे मासे बहुतेक नदीतूनच पकडलेले असतात. आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्यांच्या पोटात फारसे काही गेलेले नसते. म्हणून माल आला की आम्ही लगेच विकत नाही. खायला लागल्यावरच विक्रीला काढतो. तरीही घेताना स्वतः बघा. मासा काचेला चिकटला की त्याचे पोट समोरून दिसते. ते भरलेले, किंचित फुगीर हवे. छातीच्या मागे खळगा दिसला तर तो मासा घेऊ नका. दुकान आमचे असले तरी.

नवी टाकी असेल तर हा मासा देणार नाही, राग मानू नका. झाडे रुजून, काचेवर-पानांवर तपकिरी थर धरून निदान दोन-तीन महिने झालेले असावेत. एकट्यादुकट्याने तो बुजून राहतो. सहा तरी एकत्र न्या. अनुबियास आणि अ‍ॅमेझॉन स्वोर्डसारखी रुंद पानांची झाडे लावा, दिवसभर तिथेच बसलेले दिसतील. निरोगी पानांना ते धक्का लावत नाहीत. काळे केसाळ शेवाळ मात्र ते खात नाहीत, ते तुम्हालाच काढावे लागेल.

आता पाणी. आपल्याकडे बोअरचे पाणी जड, आणि या माशाला हवे मऊ. नुसत्या बोअरवर टाकी चालवत असाल तर निम्मे पाणी जारचे घाला. थंड जार आणला असेल तर आधी घरच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर एकदम गार पाण्याचा धक्का बसतो. नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्लोरीन असते. क्लोरीन काढणारे औषध टाकल्याशिवाय ते वापरू नका. बाटलीभर पाणी दुकानात आणा, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजून देऊ, पैसे लागत नाहीत. आणि हो, टाकीत शहाबादी फरशीचे तुकडे रचू नका. तो चुनखडीचा दगड, पाणी आणखी जड करतो. आपला काळा दगड उत्तम.

खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत. माशाला 22 ते 26 अंश मानवतात, तिशी ओलांडली की धोका, आणि बाहेर पारा चाळिशीच्या वर. टाकीचे झाकण काढून पाण्यावर आडवा वारा येईल असा छोटा पंखा लावा. उन्हाळ्यात आपली हवा इतकी कोरडी असते की तेवढ्याने पाणी दोन-चार अंशांनी उतरते. पाणी मात्र झपाट्याने आटते आणि क्षार मागे राहतात. म्हणून आटलेल्या पाण्याची भर फक्त जारच्या पाण्याने करा. बोअरचे पाणी ओतत राहिलात तर महिन्याभरात टाकी खारट होईल. लाइट गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी हवा. ओटो मधूनच वर येऊन हवेचा घोट घेतो, ते त्याच्या स्वभावात आहे. सगळेच पुन्हा पुन्हा वर धावू लागले तर पाण्यात प्राणवायू कमी पडलाय असे समजा.

खाण्याचे दोन उपाय. दोडका किंवा दुधीची चकती उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून, गार करून, स्टीलच्या चमच्याला खोचून रात्री तळाशी सोडा. सकाळी उरलेली काढा, नाहीतर पाणी नासते. पहिले तीन-चार दिवस चकतीकडे कुणी फिरकणार नाही. तरी ठेवत राहा. दुसरा उपाय आपल्या उन्हाचा : गच्चीवर टबात गोटे बुडवून ठेवा, डास होऊ नयेत म्हणून वर बारीक जाळी बांधा. हिरवा-तपकिरी बुळबुळीत थर धरला की एकेक गोटा टाकीत ठेवा. ओटो त्याच्यावर जसे तुटून पडतात तसे कुठल्याही विकतच्या खाद्यावर पडत नाहीत.

सोबतीला लहान टेट्रा, रासबोरा, कोळंबी चालतात. एंजल आणि गोल्डफिश नकोत. तांबे असलेली औषधे वापरू नका. टाकीच्या खोलीत डासांचा स्प्रे मारायचा नाही, कूलरचा वारा घरभर फिरत असेल तर शेजारच्या खोलीतही नाही.

बाहेरगावी नेणार असाल तर दुपारच्या एसटीने नेऊ नका. सकाळी लवकर या. थर्माकोलच्या पेटीत पॅक करून देऊ. घरी पोहोचल्यावर पिशवी टाकीत अर्धा तास तरंगती ठेवा, मग मासे बादलीत घेऊन सलाईनच्या नळीने टाकीचे पाणी थेंबथेंब सोडा. तासाभराने जाळीने उचलून मासे टाकीत सोडा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका. त्या दिवशी टाकीचा लाइट बंद ठेवा, चकती मात्र त्याच रात्री टाका.